उन्हाचा सिनेमा

माझ्या आयुष्यात मला मिळालेले पहिले मानाचे पद आरसा धरण्याचे होते. पुढे नोकरीत बढत्या मिळाल्या, दारावर नावाची पाटी लागली, चपराशाने उठून उभे राहावे इतपत खुर्ची वर गेली. पण दिग्रसच्या आमच्या शाळेच्या भिंतीशी, भर उन्हात, दोन्ही हातांनी आरसा धरून मी जसा ताठ उभा राहत असे, तसा ताठपणा पुन्हा कधी अंगी आला नाही. पायांखालची जमीन तापलेली असे, घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत असे आणि तो पुसायला हात मोकळा नसे. तरीही त्या क्षणी मला कोणी राजा केले असते, तर आधी आरशाचे काय करायचे, हे मी विचारले असते.

हा आरसा कशासाठी होता, ते सांगितले पाहिजे. आम्हाला विज्ञान शिकवायला देवतळे सर म्हणून एक तरुण शिक्षक नागपूरहून आले होते. अंगाने किरकोळ, आवाजाने त्याहून किरकोळ. शाळेत वीज नव्हती. गावात इंजिनाची धडधड होती ती कापसाच्या जिनांत, आणि पडद्यावर चित्रे हलत ती हिवाळ्यात येणाऱ्या तंबूच्या सिनेमात. शाळेला मात्र कोणीतरी वरून एक चित्रे दाखवण्याचा विजेचा दिवा पाठवून ठेवला होता. विजेअभावी तो मुख्याध्यापकांच्या कपाटात राही. दसऱ्याला बाहेर निघे, त्याला हळदकुंकू लागे, हार पडे आणि तो पुन्हा आत जाई. देवतळे सरांनी त्या दिव्याचे भिंग तेवढे मागून घेतले. मग वर्गाच्या खिडक्यांना जिनातून आणलेली बारदाने ठोकून अंधार केला, एका झडपेला भोक पाडले, बाहेर आरसा ठेवून त्या भोकातून ऊन आत घेतले आणि उन्हाच्या वाटेत दोन काचांची एक चपटी पेटी ठेवली. पेटीत जे असेल, ते भिंगातून मोठे होऊन समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पडे. सर त्याला ‘सूर्यदीप’ म्हणत. आम्ही त्याला उन्हाचा सिनेमा म्हणत असू.

सूर्य एका जागी राहत नाही, हे भूगोलात वाचलेले होते. पण तो किती अस्वस्थ गृहस्थ आहे, ते आरसा धरल्यावर कळले. क्षणाक्षणाला आरसा केसभर वळवावा लागे. जरा दुर्लक्ष झाले की आतून सरांचा बारीक आवाज येई, ‘‘ऊन! ऊन गेलं!’’ आणि मागोमाग सगळा वर्ग माझ्या नावाने ओरडे. एकदा एक शेळी येऊन आरशात स्वतःचे तोंड पाहत उभी राहिली. मी हूं हूं करून तिला हाकलत होतो, ती आपल्या प्रतिबिंबाला शिंग दाखवत होती, आणि आत भिंतीवर मुंगीच्या पायांऐवजी पूर्ण काळोख पडला होता. ती गोष्ट पुढे वर्षभर पुरली. ‘‘काय बापू, आज शेळी आली नाही?’’ असे मला पुढच्या इयत्तेतली मुलेही विचारत.

सुज्ञ वाचकाच्या लक्षात आले असेल, ते माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला. आरसा बाहेर होता आणि सिनेमा आत. म्हणजे ज्या प्रयोगाचा मी आधारस्तंभ होतो, तो मी एकदाही पाहिलेला नव्हता. सर चांगले होते. दर वेळी ते म्हणत, ‘‘आज तुम्ही आत बसा, दुसऱ्या कोणाला धरू द्या.’’ आणि दर वेळी मी नम्रपणे नकार देत असे. ती नम्रता नव्हती. आत बसलेला मुलगा चाळिसांतला एक असतो आणि बाहेरचा एकटाच असतो, एवढा हिशेब मला त्या वयात जमत होता. आत काय दिसले, ते मला सुटी झाल्यावर हबीब सांगे. हबीब हा मिस्त्रीचा मुलगा, माझ्या बाकावरचा. झडपेचे भोक त्याच्याच वडिलांच्या गिरमिटाने पाडलेले होते. हबीबची सांगण्याची पद्धत अशी होती, की त्याच्या तोंडून निघालेला उंदीरदेखील घोड्याएवढा होऊन निघे.

आता घराकडे वळतो. आमच्या घरात आई होती, जिनात कामाला जाणारे बाबा होते, आम्ही भावंडे होतो. पण घर चालत असे ते आत्याबाईच्या शिस्तीने. बाबांची ही थोरली बहीण फार लहानपणी विधवा होऊन माहेरी परतली होती. आम्ही महानुभाव. आत्याबाईचे पंथाचे आचार कडक होते आणि त्यांतला सर्वांत कडक आचार पाण्याचा. विहिरीवरून आणून टाक्यात भरलेले पाणी घरात आले, की ती ते दुहेरी वस्त्रातून गाळी. गाळून झाले की ते वस्त्र उलटे करून थोड्या पाण्याने धुई आणि ते धुवण अंगणातल्या टाक्यात परत सोडी. वस्त्रात अडकलेला जीव कोरड्याने मरू नये म्हणून. सकाळी झोपेतून जागे होताना माझ्या कानांवर पहिला आवाज पडे तो जिनाच्या भोंग्याचा आणि दुसरा त्या धारेचा. भांडे भरत आले की धारेचा सूर चढत जाई आणि शेवटी आत्याबाई ‘परमेश्वरा’ म्हणून हंड्यावर झाकण ठेवी.

आत्याबाईचे दात गेले होते. भाकर तिला चावत नसे. दुपारी ज्वारीच्या कण्या शिजवून त्यांत दाट ताक घालून ती जेवी, वर मीठ आणि जिरे. हाच तिचा आहार. दही ती स्वतः लावी. दुधात बोट बुडवून ते किती कोमट आहे ते पाही, विरजण लावी आणि थंडीत त्या गाडग्याला बाबांच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून चुलीजवळ निजवी. ते दही असे लागे, की सुरीने कापावे. मी आज शहरात प्लास्टिकच्या डबीतले दही खातो आणि माझी सून ते चांगले आहे असे म्हणते. मी मान हलवतो. तिचा काही दोष नाही.

तर एके दिवशी सरांनी डबक्यातल्या पाण्याचा प्रयोग केला. त्यांनी डासांच्या अळ्या पेटीत सोडल्या आणि त्या भिंतीवर वळवळताना पाहून आत एकच कल्लोळ झाला. कल्लोळ ओसरल्यावर सर बोलू लागले. झडपेतून मला सगळे शब्द स्पष्ट ऐकू येत होते. डोळ्यांना दिसणारे जीव थोडे आणि न दिसणारे अनंत. दूध विरजते तेसुद्धा अशा न दिसणाऱ्या जिवांमुळे. दह्याच्या थेंबात ते असंख्य असतात. मात्र ते इतके सूक्ष्म, की आपला सूर्यदीप ते दाखवू शकणार नाही. हे सर्व मी ऐकले. सुटी झाल्यावर हबीब धावत आला. ‘‘काय सांगू यार, शेळीएवढे! शेपट्या असे हानत होते भितीवर! पहिल्या बाकावरचे पोट्टे उठून मांगं पळाले!’’

संध्याकाळी ओसरीवर बाबा नुकतेच जिनातून आले होते, केसांत सरकीचा कापूस तसाच होता, आई भाजी निवडत होती आणि आत्याबाई दिव्याची काच पुसत होती. आज शाळेत काय झाले, असे बाबांनी विचारले. इतक्या श्रोत्यांपुढे ‘मी बाहेर होतो’ असे सांगणे मला शोभण्यासारखे वाटले नाही. मी सरांचे दही घेतले, हबीबच्या शेळ्या घेतल्या आणि त्या दह्यात सोडल्या.

‘‘दह्यात?’’ आत्याबाईने काच खाली ठेवली.

‘‘दह्यात. एकेका थेंबात. शेळीएवढे, आत्याबाई. शेपट्या हालवत.’’

‘‘तू पाह्यलं?’’

‘‘मंग? भितीवर दिसत होते. माह्याच आरशानं तं दिसले.’’

यातले शेवटचे वाक्य खरे होते, म्हणून ते मी ठासून उच्चारले. पुढे अधिकारी झाल्यावर मी कितीतरी अहवालांत ‘प्रत्यक्ष पाहणीअंती’ असे लिहिले आहे, आणि त्यांतल्या पुष्कळ पाहण्या मी तालुक्याच्या विश्रामगृहातच केल्या. त्या वाक्याचा सराव त्या ओसरीवर सुरू झाला असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाईने कण्यांत ताकाऐवजी गरम पाणी घातले. आई म्हणाली, ‘‘ताक आहे न वन्सं.’’ आत्याबाई म्हणाली, ‘‘राहू दे.’’ संध्याकाळी दूध विरजायचे राहिले. मग तिने दूधही सोडले. ज्यातून ते उत्पन्न होतात, त्यात ते आधीच असतील, हा तिचा तर्क, आणि तो सदोष म्हणता येत नव्हता. उन्हाळा चढत होता. मिठाच्या पाण्यातल्या कण्या तिच्या घशाखाली उतरेनात. चार घास खाऊन ती पान सारी. लवकरच तिचा आवाज खोल गेला, आणि एका सकाळी पाणी गाळता गाळता ती भिंतीला धरून खाली बसली. हंडा कलंडला. त्या वेळी तिला उचलताना बाबा म्हणाले, ‘‘आक्के, किती हलकी झाली तू.’’

बाबांनी वैद्य आणला. वैद्याने ताक प्यायला सांगितले. घरात कोणी हसले नाही.

‘‘तुले कोणी सांगतलं का बाई उपाशी राहाले?’’ बाबा तिच्याशी वाद घालत. ‘‘इतके वर्स खाल्लं, तवा काय झालं?’’

‘‘तवा मले मालूम नव्हतं, शाम्या. आता पोरानं डोयानं पाह्यलं.’’

मी त्या वेळी दाराशी उभा असे आणि फार भूक लागली असल्यासारखा स्वयंपाकघरात निघून जाई.

शेवटी बाबा मला घेऊन सरांच्या खोलीवर गेले. सर स्टोव्हवर खिचडी करत होते. बाबांनी सर्व सांगितले आणि हात जोडले. ‘‘सर, तुमच्यावर तिचा इस्वास आहे. एवढंच म्हणा का दह्यात काई नसते. म्हातारी वाचन.’’

सर स्टोव्हकडे पाहत म्हणाले, ‘‘शामराव, दह्यात असतात हो. मी वर्गात उभा राहून नाही कसं म्हणू?’’

‘‘मंग वर्गाच्या बाहेर म्हणा!’’

सर हसले नाहीत. खिचडी खाली लागल्याचा वास येऊ लागला, तरी त्यांनी भांडे उतरवले नाही. मग ते म्हणाले, ‘‘रविवारी त्यांना शाळेत आणा. खोटं मला सांगता येणार नाही. पण जे दाखवता येतं ते दाखवीन.’’ आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘तुम्ही घरी नेमकं काय सांगितलंत?’’ मी म्हणालो, ‘‘तुम्ही सांगितलं तेच.’’ त्यांनी माझ्याकडे ज्या सभ्यतेने पाहिले, ती मला अजून टोचते.

आत्याबाई जन्मात प्रथमच शाळेची पायरी चढली. बैलगाडीतून आली होती. हातात पितळी तांब्या, तांब्यात घरचे गाळलेले पाणी, तांब्याच्या तोंडावर ते दुहेरी वस्त्र. सरांना तिने दंडवत केला, सर गडबडले आणि त्यांनीही वाकून केला. हबीब बारदाने ओढायला हजर होता. मी सवयीने आरशाकडे निघालो, तेव्हा आत्याबाईने माझा हात धरला. ‘‘तू कुठं चालला? आरसा शाम्या धरन. तू माह्याजोळ बस. तू पाह्यलेलं आहे, मले समजावून सांग.’’

बाबा बाहेर गेले. मी आत्याबाईशेजारी पहिल्या बाकावर बसलो. झडप लागली, काळोख झाला, भोकातून उन्हाचा पांढरा दांडा आत आला, त्यात धूळ नाचू लागली. सरांनी डबक्याच्या पाण्याची पेटी उन्हात सरकवली.

भिंतभर काहीतरी उसळले. गाठीगाठींचे, केसाळ, हातभर लांब, एकावर एक गुंडाळत आणि सुटत, थेट माझ्या अंगावर येणारे. ‘‘अगं आई गं!’’ अशी किंकाळी मारून मी आत्याबाईच्या मांडीत तोंड घातले. हबीब खदखदून हसला. आत्याबाई हलली नव्हती. तिचा हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथेच थांबला.

‘‘बापू,’’ ती म्हणाली, ‘‘तू तं पहिल्यांदाच पाहून राह्यला.’’

मी मांडीतून वर आलो नाही.

‘‘बाई, तो दर वेळी बाहेर आरसा धरतो,’’ सर हळूच म्हणाले.

‘‘म्हणजे हे दह्यातले नाईत?’’

‘‘नाहीत. या डासांच्या अळ्या. डबक्यातल्या.’’

‘‘मले माईत आहे यायले. आमच्या टाक्यात असतात. रोज वस्त्रावरून परत सोडते मी.’’ तिने भिंतीकडे पाहिले, ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसे. ‘‘एवढे मोठे दिसतात व्हय? अन् पाण्यात खाली डोकं, इथं वर काहून?’’ भिंगातून चित्र उलटे पडते, हे सरांनी समजावले. तिने ते मान हलवून मान्य केले आणि तांब्या पुढे केला. ‘‘आता हे दाखवा.’’

सरांचा पुढे झालेला हात अडखळला. त्यांना जे कळले ते मलाही कळले, आणि मी डोके वर काढले. त्या पाण्यात काही निघाले, तर ती पाणीही सोडील.

‘‘बाई, याची काही गरज नाही,’’ सर म्हणाले.

‘‘मले आहे.’’

सरांनी पेटी धुतली, तांब्यातले पाणी भरले आणि ती उन्हाच्या वाटेत धरली. भिंतीवर तेजाचे मोठे वर्तुळ उजळले. त्याच्या कडेला काहीतरी बारीक काळे दिसले, आणि तेवढ्यात वर्तुळ घसरले, छतावर चढले आणि नाहीसे झाले. खोलीत काळोख. ‘‘ऊन!’’ सर ओरडले. बाहेरून उत्तर नाही. झडपेतून सगळे ऐकू येते, हे माझ्याइतके कोणाला माहीत असणार? बाबांनी आतले प्रत्येक वाक्य ऐकले होते, आणि त्यांच्या हातात सूर्य होता.

काळोखात आत्याबाईचा आवाज आला. कित्येक दिवसांत तो इतका मोठा झाला नव्हता. ‘‘शाम्या! आरसा सिधा कर. जे असन ते दिसू दे.’’

मग वर्तुळ थरथरत खाली उतरले आणि भिंतीवर स्थिर झाले. काळे होते ते हलत नव्हते. सरांनी पेटीच्या काचेवर बाहेरून बोट फिरवले. ते पुसले गेले. तो बुबुळाएवढा डाग काचेवरचा होता. बाकी वर्तुळभर स्वच्छ, कोरा उजेड. आत्याबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. आपण जन्मभर केलेले काम असे भिंतीवर मांडलेले तिने कधी पाहिले नसेल. असे आपले काम कोणाला दिसते?

‘‘आता दही,’’ ती म्हणाली.

‘‘दह्यात आहेत, बाई. जिवंतच. पण इतके बारीक, की माझं हे यंत्र दाखवू शकत नाही.’’

‘‘तुमी पाह्यले?’’

‘‘एकदा. कॉलेजात, मोठ्या यंत्रातून. बारीक दांड्यांसारखे. बाकी सगळं पुस्तकातलं.’’

‘‘शेपट्या?’’

‘‘नाहीत.’’

‘‘तोंड? डोये?’’

‘‘तसलं काही नाही.’’

‘‘अन् मी नाई खाल्लं तं ते जगतीन?’’

‘‘नाही. दही आंबत जातं, त्या आंबटपणानं तेच हळूहळू मरतात.’’

आत्याबाईने तांब्यावर वस्त्र बसवले, कडा सारख्या केल्या. ‘‘माह्या वस्त्रात जे अडकते, ते परत सोडणं माह्याकडे. सूर्याच्या उजेडातबी जे दिसत नाई, ते ज्यानं केलं त्याच्याकडे.’’ मग ती बाकाला धरून उठली. दाराशी बाबा आरसा छातीशी धरून उभे होते, अपराध्यासारखे. तिने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. गाडीत बसताना मात्र म्हणाली, ‘‘जीन सोडून आता हेच काम कर म्हणलं तं जमन का तुले? हात किती कापतात.’’

घरी विरजण उरले नव्हते. इतक्या दिवसांत ते गाडग्यातच संपले होते. आईने शेजारून वाटीभर आणले. आत्याबाईने दुधात बोट बुडवले, विरजण लावले. मी जवळ घोटाळत होतो. ‘‘आत्याबाई, मी...’’ असे सुरू केले, तर तिने गाडगे माझ्या हातात दिले आणि म्हणाली, ‘‘तोंड बंद ठेव अन् हे सांभाळून ठेव. हालवशीन तं पातळ होईन.’’ माफी मागण्यासाठी मी जुळवलेले वाक्य तिथेच राहिले. आज त्यातला एक शब्दही आठवत नाही, म्हणजे ते चांगले नसावे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा जिनातून जेवायला घरी आले. एरवी ते डबा नेत. आईने चुलीवरचा तवा उतरवून ठेवला. आम्ही भावंडे दाराच्या चौकटीत दाटलो. आत्याबाईने कण्यांवर ताक ओतले, मीठ घातले, जिरे चुरले, पहिला घास कालवला आणि तोंडाजवळ नेला. घास तिथेच थांबला. तिने मान वर केली आणि आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

‘‘काय पाहून राह्यले सारे? भितीवर आहो का मी?’’

आणि घास खाल्ला.